टाळ, ढोलकी आणि ७५ किलोहर्ट्झ: छोट्या एफएम केंद्राचं साउंड प्रोसेसिंग कसं लावायचं

सामुदायिक रेडिओवर नेहमी येणारी तक्रार अशी: निवेदक बारीक ऐकू येतो आणि त्याच्या मागोमाग लागलेलं गाणं अंगावर येतं. यावर बहुतेक ठिकाणी मिक्सरचा मेन फेडर वर ढकलला जातो. मग ट्रान्समीटरचा ओव्हर-मॉड्युलेशनचा दिवा लुकलुकायला लागतो, 'स' आणि 'च' फाटतात, आणि निवेदक तरीही गाण्यापेक्षा बारीकच राहतो.

असं होतं, कारण पीक आणि लाउडनेस या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पीक म्हणजे सिग्नलचं क्षणिक टोक. ट्रान्समीटरला फक्त तेच कळतं, कारण त्या टोकावरूनच कॅरियर (केंद्राची मूळ रेडिओ लहर) किती सरकणार, म्हणजे डेव्हिएशन किती होणार, हे ठरतं आणि एफएममध्ये त्याची मर्यादा ±७५ किलोहर्ट्झ आहे. कानाला मात्र एक-दोन मिलिसेकंदाचं टोक जवळजवळ जाणवत नाही. कान सरासरी धरतो, आणि तोच लाउडनेस. म्हणून आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस १७७० या लाउडनेस मोजमापात एका वेळी मोजायचा सर्वांत छोटा तुकडासुद्धा ४०० मिलिसेकंदांचा आहे. ढोलकीच्या शाईवरची कडक थाप सरासरीपेक्षा १५ डेसिबल (डीबी) वर सहज जाते. याउलट, आधीच दाबून मास्टर केलेल्या चित्रपटगीतात हे अंतर ६–८ डीबी इतकंच उरलेलं असतं. दोन्हींची टोकं एकाच रेषेवर बसवली, तर चित्रपटगीत दुप्पट मोठं वाटणारच.

म्हणून कामाची वाटणी अशी ठेवायची: लाउडनेस साखळीच्या सुरुवातीला, हळू आणि हलक्या हाताने सांभाळायचा. पीक साखळीच्या अगदी शेवटी, एकाच ठिकाणी आणि सक्तीने अडवायचे. पुढची सगळी पावलं याच वाटणीवर उभी आहेत.

हा लेख ५०–१०० वॅटच्या केंद्रासाठी आहे, जिथे प्रोसेसिंग संगणकावर चालतं (स्टिरिओ टूलसारखं सॉफ्टवेअर) किंवा जुना ऑप्टिमॉड वा तत्सम डबा आहे. नावं आणि पडदे वेगळे असले तरी आतले टप्पे सारखेच असतात.

आधी माल तपासा

प्रोसेसर वाईट फाइल चांगली करत नाही. उलट तिचे दोष वर काढतो. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये जो खरखरीत, पाण्यात बुडाल्यासारखा टाळ ऐकू येतो, तो मल्टिबँडमधून (आवाजाचे पट्टे करून दाबणाऱ्या टप्प्यातून) गेल्यावर दुप्पट उघडा पडतो. शक्य तिथे फ्लॅक किंवा वेव्ह फाइल ठेवा, नाहीतर निदान ३२० केबीपीएस. व्हॉट्सॲपवरून आलेलं गाणं लायब्ररीत घेऊच नका. मुलाखतीची क्लिप असेल तर नाइलाज असतो.

लायब्ररीतल्या सगळ्या फाइल एकदा लाउडनेसने समान करून घ्या. ईबीयू या युरोपीय प्रसारक संघाच्या आर १२८ शिफारशीतलं उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) हे लक्ष्य इथे सोयीचं आहे. आवाज कमी वाटेल, पण वाढवायचं काम प्रोसेसरचं आहे. फाइलमध्ये मोकळी जागा राहिली पाहिजे. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमधला लाउडनॉर्म फिल्टर वापरणार असाल तर दोन फेऱ्यांत वापरा: पहिल्या फेरीत मोजमाप, दुसऱ्या फेरीत ते आकडे देऊन लिनिअर मोड. एकाच फेरीत चालवला तर तो गाण्याच्या आतच आवाज वरखाली करतो आणि तुम्हाला न सांगता कॉम्प्रेसरसारखं वागतो. शिवाय त्या अवस्थेत आउटपुट १९२ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर जातो आणि फाइली फुगतात, म्हणून ४८ किलोहर्ट्झ स्पष्ट लिहून द्या.

स्टुडिओ मिक्सरवर नेहमीची पातळी उणे १८ डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळीच्या १८ डीबी खाली) आसपास ठेवा आणि टोकं उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. माइकवर ८० हर्ट्झचा लो-कट लावा. पंख्याची घरघर आणि टेबलावरचे धक्के तिथेच थांबतात, नाहीतर खालचा बँड त्यांच्यावरच काम करत बसतो.

प्री-एम्फसिस: एकदाच आणि ५० मायक्रोसेकंद

छोट्या केंद्रांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एफएममध्ये आवाजाच्या वरच्या पट्टीतली खरखर कमी व्हावी म्हणून प्रक्षेपणाआधी ट्रेबल वाढवतात आणि रेडिओत तेवढाच कमी करतात. भारतात त्याचा कालांक ५० मायक्रोसेकंद आहे. वाढ अशी होते: १ किलोहर्ट्झला ०.४ डीबी, ५ ला ५.४, १० ला १०.४ आणि १५ ला १३.७ डीबी.

याचा अर्थ, मिक्सरच्या मीटरवर साधा दिसणारा भजनातला टाळ ट्रान्समीटरपर्यंत पोचताना सुमारे १० डीबी उंच झालेला असतो. म्हणून प्री-एम्फसिसच्या आधी लावलेला कितीही चांगला लिमिटर (ठरलेल्या पातळीवर टोकं अडवणारा टप्पा) एफएमचे पीक अडवू शकत नाही. लिमिटरला वाढीव ट्रेबलसकट सिग्नल दिसला पाहिजे.

तपासणी अशी करा. प्रोसेसर एमपीएक्स म्हणजे ऑडिओ आणि स्टिरिओची खूण एकत्र केलेला तयार कॉम्पोझिट सिग्नल देत असेल, तर ट्रान्समीटरच्या एमपीएक्स इनपुटला जोडा. ट्रान्समीटरमध्ये मग प्री-एम्फसिस लागत नाही, ते प्रोसेसरमध्येच झालेलं असतं. प्रोसेसर डावा-उजवा ऑडिओ देत असेल, तर प्री-एम्फसिस प्रोसेसरमध्ये ५० वर चालू आणि ट्रान्समीटरमध्ये बंद. दोन्हीकडे चालू राहिलं तर १० किलोहर्ट्झला २० डीबीच्या वर वाढ होते. आवाज पत्र्यासारखा किरकिरा येतो आणि डेव्हिएशन हाताबाहेर जातं. अमेरिकेतून आणलेल्या डब्यांत कारखान्याची मांडणी ७५ मायक्रोसेकंदांची असू शकते. ती तशीच राहिली तर आपल्याकडच्या रेडिओवर १० किलोहर्ट्झला ३ डीबीहून अधिक जादा ट्रेबल येतो. तो "छान, चमकदार" वाटतो म्हणून अनेकदा कोणी शोधतच नाही.

ट्रान्समीटरचे १०० टक्के नक्की करा

प्रोसेसर १०० टक्के म्हणतो ते प्रत्यक्षात ७५ किलोहर्ट्झ आहे का, हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. ट्रान्समीटरच्या दर्शनी मीटरवर विसंबू नये. त्यांतले बरेच मीटर मंद असतात आणि छोटी टोकं त्यांच्या नजरेतून सुटतात.

स्वस्तातली आणि खात्रीची पद्धत म्हणजे बेसेल नल. एफएममध्ये ठराविक मॉड्युलेशन इंडेक्सला (डेव्हिएशन भागिले टोनची फ्रिक्वेन्सी) कॅरियर पूर्ण नाहीसा होतो: पहिल्यांदा २.४०५ ला, दुसऱ्यांदा ५.५२० ला. ७५ किलोहर्ट्झला ५.५२० ने भागलं की १३,५८६ हर्ट्झ येतात. म्हणजे १३,५८६ हर्ट्झचा टोन लावून कॅरियर दुसऱ्यांदा जिथे गायब होतो, तिथे डेव्हिएशन बरोबर ७५ किलोहर्ट्झ.

१. प्रक्षेपण बंद असतानाच्या वेळेत ट्रान्समीटर डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायचा रोध) घ्या. पायलट (रेडिओला स्टिरिओ कळवणारा टोन), आरडीएस (रेडिओवर केंद्राचं नाव दाखवणारा डेटा) आणि प्री-एम्फसिस बंद.

२. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवर चालणारा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) लॅपटॉपला लावा आणि अँटेनाच्या जागी तारेचा छोटा तुकडा. डोंगल ट्रान्समीटरच्या आउटपुटला थेट कधीही जोडू नका, जागच्या जागी जळेल. स्पेक्ट्रमचं रिझोल्यूशन १ किलोहर्ट्झच्या आत ठेवा, म्हणजे कॅरियर आणि बाजूच्या रेषा वेगळ्या दिसतील. गेन इतका कमी ठेवा की डोंगल स्वतःच ओव्हरलोड होणार नाही.

३. प्रोसेसरचा टेस्ट टोन १३,५८६ हर्ट्झ आणि १०० टक्के पातळीवर लावा. साउंड कार्डचा किंवा ट्रान्समीटरचा इनपुट ट्रिम शून्यावरून हळूहळू वाढवा.

४. मधली रेषा खाली जाईल आणि पहिल्यांदा नाहीशी होईल. हे ३२.७ किलोहर्ट्झ झाले. इथे थांबायचं नाही. वाढवत राहा. ती परत उगवेल आणि पुन्हा बुडेल. तिथे ट्रिम पक्का करा, त्यावर पट्टी चिकटवा, साउंड कार्डाची पातळी लिहून ठेवा.

यानंतर आवाज वाढवायचा मोह झाला तरी या ट्रिमला हात लावायचा नाही. लाउडनेसचे सगळे निर्णय प्रोसेसरच्या आत.

स्टिरिओ की मोनो

स्टिरिओत १९ किलोहर्ट्झचा पायलट सुमारे ९ टक्के, म्हणजे ६.७५ किलोहर्ट्झ जागा घेतो. आरडीएस असेल तर आणखी ३ टक्के. उरलेली जागा ऑडिओची. पण खरी किंमत वेगळीच आहे: कमजोर सिग्नलवर स्टिरिओची खरखर मोनोपेक्षा साधारण २० डीबीने जास्त असते. ५० वॅटच्या केंद्राच्या कडेवरच्या वस्तीत हाच फरक ऐकू येणं आणि न येणं यांतला असतो. कार्यक्रमांत बोलणं जास्त असेल, तर बेधडक मोनो करा. पायलट खरोखर बंद करा. फक्त दोन्ही चॅनेलला एकच ऑडिओ देऊन पायलट चालू ठेवला, तर रेडिओ स्टिरिओतच डीकोड करतो आणि खरखर तशीच राहते.

एजीसी: निवेदक आणि गाणं एका पातळीवर

वर सांगितलेली तक्रार इथे सुटते. एजीसी (ऑटोमॅटिक गेन कंट्रोल) म्हणजे सावकाश फेडर हलवणारा हात. नेहमीच्या कार्यक्रमात गेन रिडक्शन (आवाज किती दाबला जातोय ते दाखवणारा) मीटर ८–१० डीबीवर राहील इतपत इनपुट द्या. मग बारीक आवाजाला वर यायला जागा राहते आणि मोठ्याला खाली जायलाही. मीटर सतत शून्यावर दिसत असेल तर एजीसी काही करतच नाहीये. सतत २० वर असेल तर मिक्सरवरून फार माल येतोय.

रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज परत वर येण्याचा वेग, सेकंदाला १ डीबीच्या आसपास ठेवा. त्याहून जलद केला तर निवेदकाने श्वास घेतला की मागची पंख्याची घरघर वर येते. हे टाळायला गेट असतो: पातळी ठरावीक रेषेखाली गेली की एजीसी आहे तिथे गोठतो. गेट लक्ष्य पातळीच्या ३० डीबी खाली हे बोलण्यासाठी ठीक आहे.

शास्त्रीय संगीताला मात्र तो पुरत नाही. ख्यालाच्या सुरुवातीला २०–३० सेकंद नुसता तानपुरा वाजतो आणि तो उणे ३० च्या वरच असतो. एजीसीला वाटतं आवाज कमी आहे, म्हणून तो तानपुरा ८–१० डीबी वर आणून ठेवतो. मग गायकाचा पहिला षड्ज लागतो तो थेट शेवटच्या क्लिपरवर (टोकं सपाट कापणाऱ्या टप्प्यावर) आदळतो आणि पुढची काही सेकंद आवाज खाली जाताना ऐकू येतो. अशा कार्यक्रमासाठी वेगळा प्रीसेट ठेवा: गेट उणे २२–२५ वर, रिलीज निम्म्याने मंद, आणि मल्टिबँडचं काम २–३ डीबीवर. कार्यक्रमपत्रिकेनुसार प्रीसेट आपोआप बदलण्याची सोय असेल तर ती यासाठीच वापरावी.

मल्टिबँड: इथे हात आखडता

आवाजाचे चार-पाच पट्टे करून प्रत्येकाला स्वतंत्र दाबायचं. एकाच पट्ट्याच्या कॉम्प्रेसरमध्ये हलगीच्या प्रत्येक ठोक्याला गायकाचा आवाजही दबतो. पट्टे वेगळे केले की असं होत नाही.

सुरुवातीचे आकडे, पुढे कानाने बदलायचे: क्रॉसओव्हर (पट्टे जिथे वेगळे होतात ती जागा) १००, ४००, १६०० आणि ६२०० हर्ट्झच्या आसपास. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) खालच्या पट्ट्यात ३०–५० मिलिसेकंद, मधल्यांत १०–१५, वरच्यात २–५. रिलीज खाली ३००–५००, मध्ये १५०–२५०, वर ८०–१५०. प्रत्येक पट्ट्यात गेन रिडक्शन ३–६ डीबी. खालच्या पट्ट्याचा अटॅक मुद्दाम मंद आहे. तो २–३ मिलिसेकंद केला तर कॉम्प्रेसर लाटेच्या आकारालाच धरतो आणि पखवाजाचा धुमारा घोगरा होतो.

वरचा पट्टा शेजारच्या पट्ट्याशी बांधून ठेवा, म्हणजे त्याचा गेन मधल्यापेक्षा ३ डीबीहून अधिक वर जाणार नाही. ही अट सोडली की जुन्या कॅसेटवरून घेतलेल्या गवळणीत प्रत्येक विरामात फुसफुस उसळते. बास वाढवण्याचा मोहही आवरा. हातातल्या छोट्या रेडिओचा स्पीकर १५० हर्ट्झखाली फारसं काही देत नाही, पण त्या बासने डेव्हिएशन मात्र खाल्लेलं असतं.

शेवटचा पहारा: लिमिटर आणि क्लिपर

आता पीक. क्रम असा हवा: प्री-एम्फसिस, मग ट्रेबलसाठी वेगळा लिमिटर, मग क्लिपर, मग १५ किलोहर्ट्झचा फिल्टर आणि त्याच्या उसळीची भरपाई. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. क्लिपरने टोकं सपाट कापली की पुढच्या लो-पास फिल्टरमधून जाताना ती पुन्हा उसळतात. रॉबर्ट ऑर्बन यांनी १९७५ मध्ये ऑप्टिमॉड आणला तेव्हा लिमिटर आणि स्टिरिओ कोडर एकाच डब्यात बसवले ते याच कारणासाठी. आजही तोच नियम: या साखळीनंतर आणखी कुठलाही फिल्टर नको.

क्लिपिंग किती? संगीताला २–३ डीबी खपतं. बोलण्याला १–२ डीबीच्या वर गेलं की कानाला टोचतं, कारण उघड्या आवाजामागे दोष लपवायला वाद्यं नसतात. मराठीत आणखी एक अडचण आहे. 'चाक', 'चांदणं', 'जाळं' यांतले दंत्य च आणि ज, शिवाय 'स', यांची ताकद ५–८ किलोहर्ट्झमध्ये एकवटते आणि तिथे प्री-एम्फसिसने आधीच ५–९ डीबी चढवलेले असतात. हे अक्षर थुंकल्यासारखं फुटत असेल तर क्लिपर कमी करण्याआधी माइकच्या चॅनेलवर डी-एसर ('स'सारखे टोचणारे आवाज दाबणारा) लावा, ६ किलोहर्ट्झच्या आसपास ४–५ डीबी. मग माइक तोंडासमोरून थोडा बाजूला वळवा. ट्रेबल लिमिटर फार घट्ट केला तर उलटं होतं आणि निवेदक बोबडा वाटतो.

पुरुषी आवाजाची लाट एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बुटकी असते. फेज रोटेटर ती दोन्हीकडे सारखी करतो आणि क्लिपरचं काम काही डीबींनी हलकं होतं. तो साखळीच्या सुरुवातीला, एकदाच. माइक प्रोसेसरमध्येही चालू असेल तर एक बंद करा. कॉम्पोझिट क्लिपर (तयार एमपीएक्सची टोकं कापणारा) बंदच ठेवलेला बरा. अर्ध्या डीबीच्या लाउडनेससाठी पायलट आणि आरडीएस मळवण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारी बीएस ४१२ ही खूण एमपीएक्सची ६० सेकंदांची सरासरी शक्ती मर्यादित ठेवते. परवान्यात तशी अट असेल तरच लावा, नाहीतर आवाज का पडला हे शोधत बसाल.

सगळं बरोबर लावूनही पीक ओलांडत असतील तर

प्रोसेसर आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये काय आहे ते पाहा. स्टुडिओतून टॉवरपर्यंत एमपी३ किंवा तत्सम कोडेकची लिंक असेल तर तिथे लाटेचा आकार बदलतो आणि कापलेली टोकं २–३ डीबींनी पुन्हा उगवतात. उपाय एकच: प्रोसेसर टॉवरच्या बाजूला न्या. ट्रान्समीटरमध्ये स्वतःचा स्टिरिओ कोडर आणि फिल्टर असेल तर एमपीएक्स इनपुट वापरून तो टाळा.

एमपीएक्ससाठी साउंड कार्ड १९२ किलोहर्ट्झचं हवं. ४८ किलोहर्ट्झच्या कार्डात ५३ किलोहर्ट्झपर्यंतचा सिग्नल मावत नाही. दुसरं टोकही तितकंच महत्त्वाचं: ५० हर्ट्झच्या चौकोनी लाटेचा माथा कलू नये म्हणून प्रतिसाद ०.१५ हर्ट्झपर्यंत खाली जायला हवा. साध्या कार्डातले कपलिंग कपॅसिटर याच्या आड येतात. सॉफ्टवेअरमधली टिल्ट दुरुस्ती बरंच निभावून नेते. विंडोजमधली सगळी साउंड एन्हान्समेंट बंद करा, आउटपुट फॉरमॅट २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ करा आणि सिस्टमचे आवाज गप्प करा. ई-मेल आल्याची घंटा प्रक्षेपित होणं हा प्रकार नवीन नाही.

५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर डाव्या-उजव्या ऑडिओ लाइनवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर चालतो. एमपीएक्स लाइनवर मात्र तो लावू नका. साधा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर खालची आणि वरची दोन्ही टोकं खातो. तिथे अर्थिंग आणि यूपीएसची जोडणी तपासा.

पीक हवेतून अँटेनाने मोजत असाल तर परावर्तनामुळे खोटी टोकं दिसतात. ट्रान्समीटरच्या सॅम्पल पोर्टवरून, अटेन्युएटर लावून मोजा.

ऐकून जुळवणी

स्टुडिओचे मोठे स्पीकर बाजूला ठेवा. तीन ठिकाणी ऐका: हातातला छोटा रेडिओ, गाडीचा रेडिओ आणि इअरफोन लावलेला फोन. बातम्या, अभंग, लावणी, फोनवरची मुलाखत आणि आलाप असा २० मिनिटांचा एकच ठरलेला नमुना करून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर तोच वाजवा. एका वेळी एकच आकडा बदला. दहा सेकंद ऐकून मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, म्हणून निर्णय तासाभराच्या ऐकण्यानंतर घ्या. कान थकले आणि रेडिओ बारीक करावासा वाटला, तर क्लिपर १ डीबी मागे घ्या.

निवेदकाच्या हेडफोनला प्रोसेसर झाल्यानंतरचा आवाज देऊ नका. सॉफ्टवेअरच्या साखळीत लागणारा उशीर ३० मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो आणि स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकत माणूस अडखळतो. त्याला मिक्सरवरून थेट द्या.

इंटरनेट प्रवाहासाठी एफएमचा आउटपुट वळवू नका. तिथे प्री-एम्फसिस नाही, ७५ किलोहर्ट्झची भिंत नाही, आणि कापलेली टोकं कोडेकमध्ये आणखी घाण होतात. एजीसी आणि हलका मल्टिबँड दोन्हींना सामाईक चालेल. त्यानंतर फाटा काढा: प्रवाहाला साधा लुक-अहेड (टोक येण्याआधीच ओळखणारा) लिमिटर, ट्रू पीक (लाटेचं प्रत्यक्ष टोक) उणे १ डीबी, आणि सरासरी उणे १६ ते उणे १८ एलयूएफएस. दोन्ही प्रीसेट तारीख घालून पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि वीज जाऊन आल्यावर संगणक तेच प्रीसेट घेऊन आपोआप सुरू होतो का, हे प्लग काढून एकदा पाहून घ्या.